चौथा हीटर प्लग

वाशिंदच्या कारखान्यातली नोकरी सोडून तात्या घरी आले आणि हाती आलेल्या रकमेतून त्यांनी स्टँडवरून माणसांची ने-आण करायला एक जुनी डिझेल जीप घेतली. तात्या म्हणजे माझे वडील. गावातले लहानथोर त्यांना तात्याच म्हणायचे, म्हणून आम्हीही. किन्हवलीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून दोन शेतं आत आमचं घर. जीप खळ्यात उभी राहायची, जिथे भात झोडायचं तिथेच, आणि त्या वर्षी आईला भात झोडायला परसात जागा करावी लागली. तिने तक्रार केली नाही, पण सकाळी खळं झाडताना जीपच्या चाकांभोवती केरसुणी अशी फिरवायची, की नको असलेला पाहुणा कधी उठतोय याची वाट बघतेय असं वाटावं. घरात आम्ही चौघं. तात्या, आई, माझ्याहून मोठी सुमनताई आणि मी. ताईचं लग्न ठरत आलं होतं. मी कल्याणला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स अर्ध्यावर टाकून घरी बसलो होतो. गावात मला कुणी अर्धा मेकॅनिक म्हणत नव्हतं, पूर्णच म्हणत होतं, आणि मी ते खोडून काढत नव्हतो.

जीप चालवायला सोमा होता. सोमा हिलम. ओढ्यापलीकडच्या कातकरवाडीतला, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. तरी मी त्याला सोम्या म्हणायचो आणि तो मला दादा म्हणायचा. तेव्हा यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. निदान मला नाही. पूर्वी तो शहापूरच्या एका गॅरेजात गाड्या धुवायचा. तिथे धुता धुता चालवायला शिकला, आणि तात्यांनी त्याचं लायसन काढून दिलं. वाडीतला स्टिअरिंगला हात लावलेला तो पहिला माणूस. तात्या हे चारचौघांत सांगायचे तेव्हा त्यात सोम्याचं कौतुक थोडं आणि स्वतःचं जास्त असायचं.

थंडीतल्या सकाळी उजाडताना तो यायचा. आई चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची; त्या थापण्याचा आवाज, परसातल्या कोंबड्या आणि मग खळ्यात जीपचं दार. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, ते दाबानेच पेटतं. पण थंडीत आतली हवा गार पडली की नुसत्या दाबाने भागत नाही, म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये बोटाएवढा एक हीटर प्लग असतो. चावी अर्धी फिरवून धरायची, चारही प्लग आत तापतात, आणि डॅशबोर्डवर जाळीमागे तारेचं एक वेटोळं हळूहळू लाल होतं. ते लाल झालं की सेल्फ मारायचा. आताच्या गाड्यांत हे सगळं आपोआप होतं, एक दिवा लागतो आणि विझतो. तेव्हा ज्याचा त्याने अंदाज धरायचा. सोमाकडे घड्याळ नव्हतं. तो चावी धरून वाडीतल्या घरांची नावं घ्यायचा. पहिलं घर काळू मुकण्याचं, मग गोमा वाघाचं, मग पलीकडली म्हातारी, असं करत ओढ्याच्या टोकाला असलेल्या त्याच्या स्वतःच्या घरापर्यंत. एकोणीस घरं. त्याचं स्वतःचं नाव आलं की वेटोळं लाल झालेलं असायचं आणि इंजिन पहिल्या फटक्यात उठायचं. ताई चुलीपाशी बसून त्याची नक्कल करायची आणि आई हसू दाबायची.

ही एकोणीस घरं त्या दिवसांत रिकामी असायची, हे सांगायला हवं. दिवाळी झाली की वीटभट्टीचा ट्रक यायचा आणि वाडी बायकापोरं, कोंबड्या, मडकी घेऊन चढायची. पाऊस तोंडावर आला की परतायची. आमच्या जीपमुळे सोमाचं एकच घर मागे राहत होतं. हिवाळ्यात ओढ्यापलीकडे एकाच चुलीचा धूर दिसायचा. त्याचा मुलगा किसन त्या वर्षी शाळेत बसला होता. वाडीतली पोरं पावसाळ्यात शाळेत यायची आणि दिवाळीनंतर पटावर नुसती नावं उरायची; किसन तेवढा डिसेंबरातही वर्गात होता. सोमा मला एकदा म्हणाला होता की पोरगा बाराखडी म्हणतो, काय म्हणतो ते आमाला कलत नाय, पण म्हणतो. आमच्या जीपची चावी त्याच्यासाठी काय होती, ते मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

त्या हिवाळ्यात जीप सकाळी कुरकुरायला लागली. वेटोळं लाल होईना, सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची आणि पांढऱ्या धुराने खळं भरायचं. सोमा म्हणाला, प्लग गेला. आमच्या जीपचे प्लग माळेसारखे जोडलेले होते, वीज एकातून दुसऱ्यात जायची, त्यामुळे एक मेला की चारही थंड. शहापूरच्या मिस्त्रीकडे नेऊ असं त्याचं म्हणणं. पण म्हसा गावची जत्रा आठ दिवसांवर आली होती, मिस्त्रीकडे गाड्यांची रांग, आणि तात्यांनी मोठा बेत आखून ठेवला होता. ताईच्या होणाऱ्या सासरच्या माणसांना आपल्या जीपने जत्रेला न्यायचं. तात्या ओटीवर बसून म्हणाले की घरात मेकॅनिक असताना मिस्त्री कशाला. मी जेवत होतो. वालाचं बिरडं होतं हे आठवतं, आणि तात्यांच्या त्या वाक्याने ते जास्त चवदार लागलं होतं हेही आठवतं. कल्याणहून चार नवे प्लग आणले.

प्लग बदलायच्या आदल्या दिवशी सोमाने मला दोन गोष्टी सांगितल्या. गॅरेजात धुता धुता त्याने पाहिलेल्या. एक म्हणजे जुने प्लग काजळीने धरलेले असतात, त्यांच्या बुडाशी डिझेल सोडून रात्रभर मुरू द्यायचं. दुसरी म्हणजे गाडी एक फेरी मारून आली की गरम इंजिनावरच खोलायचे, थंडीत हात लावायचा नाही. "थंड खोलशीला तर तुटल, दादा," तो म्हणाला. मी त्याला म्हणालो की आयटीआय तू केलंस की मी. तो हसला आणि टायर पुसायला गेला.

रविवारी सकाळी मी बॉनेट उघडलं. थंड इंजिनावर. फेरी मारायची तर जीप ढकलून चालू करावी लागली असती, आणि खळ्याभोवती माणसं जमली होती. त्यांच्यासमोर सोमाच्या सांगण्याप्रमाणे वागायचं नव्हतं. आईचं एक जुनं फडकं अंथरून मी त्यावर चार नवे प्लग ओळीने मांडले. आई भाकरीच्या पिठाचे हात तसेच ठेवून बघायला आली आणि म्हणाली, एवढंसं असतं होय. पहिला प्लग सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला जोर लागला पण सुटला, आणि कुणीतरी म्हणालं की मुंबईतली पोरं झक मारतील. चौथा सगळ्यात मागे, जिथे हात नीट जात नाही तिथे. तो हलेना. इतक्यात सोमाची बायको बारकी धावत आली की किसनला ताप भरलाय, म्हणून सोमा वाडीवर गेला. आईने न्याहरीला हाक मारली, जमलेली माणसं पांगली. मी एकटाच उरलो. पान्याला हातभर लांबीचा पाईप चढवला आणि अंगाचा भार टाकला.

तो आवाज मोठा नव्हता. वाळलेली काटकी मोडावी तेवढा. प्लगचं डोकं पान्यात आलं आणि धड हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या जड झाकणात, घट्ट राहिलं. ते काढायला हेड उतरवावं लागतं, म्हणजे मिस्त्री, म्हणजे दोन-तीन दिवस, म्हणजे जत्रा गेली, आणि म्हणजे अर्धा मेकॅनिक. न्याहरीला दुसरी हाक येईपर्यंत मी काय केलं ते सांगतो. तीन नवे प्लग बसवले. ओटीवरच्या मोडक्या पंख्याची तांब्याची तार तोडली आणि तिसऱ्या प्लगवरून सरळ इंजिनाच्या अंगाला जोडली, म्हणजे चौथ्याला वगळून वीज तिघांतून फिरेल. मग चौथ्याचं मोडकं डोकं जागेवर ठेवून काळ्या पट्टीने गुंडाळलं, वरून ग्रीस फासलं. बाहेरून चार दिसायचे. उरलेला नवा प्लग खिशात घालून घरात गेलो आणि माजघरातल्या भाताच्या कणगीत, कोपरापर्यंत हात घालून, पुरला. मग हात धुऊन भाकरी आणि सुकट खाल्ली. तात्यांनी विचारलं, झालं? मी म्हणालो, झालं.

जीप पहिल्या फटक्यात उठली. तिघांनाच चौघांची वीज मिळत होती, उठणारच. तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ते असं क्वचित करायचे.

तिसऱ्या दिवशी सोमा माझ्याकडे आला. त्याचं म्हणणं असं की वेटोळं फार लवकर लाल होतंय. पूर्वी त्याच्या स्वतःच्या घरापर्यंत यायचं, आता बाराव्या-तेराव्या घरालाच लाल. त्याने विचारलं की अर्ध्यावर सोडून देऊ का चावी. मला कारण कळलं होतं. तिन्ही प्लगांना झेपेल त्याहून जास्त वीज मिळत होती आणि चावी पूर्ण वेळ धरली तर ते जळणार होते. पण अर्ध्यावर सोडली तर चौथ्या सिलिंडरच्या गारठ्याने इंजिन कुरकुरलं असतं, पांढरा धूर आला असता, आणि तात्यांनी विचारलं असतं. जत्रेपर्यंत निभावेल असा माझा हिशेब. मी त्याला म्हणालो, "तुझी एकोणीसच्या एकोणीस घरं घे. एक कमी करायचं नाही." त्याने मान हलवली. मी सांगितलं म्हणून त्याने तसंच केलं. हे वाक्य मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. प्लग मोडणं हा हाताचा गाढवपणा होता. पण हे मी समजून-उमजून केलं.

व्याही मंडळी जत्रेच्या आदल्या दिवसापासूनच आमच्याकडे मुक्कामाला होती. जत्रेच्या सकाळी आई आणि ताई अंधारातच उठून चपात्या, सुकी भाजी बांधून तयार. खळ्यात सहा-सात माणसं शालीत गुरफटून उभी. ताईचे होणारे सासरे पुढच्या सीटवर आधीच बसले होते. म्हशाला बैल बघायचे, घोंगडी घ्यायची, असं त्यांचं चाललं होतं. सोमाने चावी धरली आणि नावं घ्यायला लागला. काळू मुकणे, गोमा वाघ. वेटोळं काळंच. तो शेवटापर्यंत गेला, पुन्हा पहिल्यापासून आला. सासरे म्हणाले, हा काय गाडीला मंत्र घालतो काय. माणसं हसली. सेल्फने घर्र घर्र केलं आणि तोही थकला. मग सगळ्यांनी जीप ढकलली, व्याह्यांनीही, शालीची टोकं कमरेला खोचून, पार डांबरी रस्त्यापर्यंत. ती उठली नाही. सरळगावकडे जाणारी दुसरी एक जीप थांबली, तिच्या ड्रायव्हरने तात्यांना विचारलं की गाडी ओवाळायची राहिली का, आणि व्याही मंडळी तिच्यात बसून म्हशाला गेली. तात्या रस्त्यावर हात कमरेवर ठेवून उभे होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतो. त्यांच्या चपलांकडे बघत होतो. ढकलताना एकीचा अंगठा तुटला होता.

ट्रॅक्टरला दोर लावून जीप शहापूरला मिस्त्रीकडे नेली. तात्या, सोमा आणि मी. मिस्त्री वयस्कर माणूस होता, कमी बोलायचा. त्याने मागची काळी पट्टी सोडवली, मोडकं डोकं हातात घेतलं, तार ओढून बघितली. तिन्ही नवे प्लग काढून आमच्यासमोर ठेवले. टोकं वितळून थेंबासारखी झाली होती. तो तात्यांना म्हणाला की अडाण्याचं काम नाही हे, ज्याने केलं त्याला सगळं समजत होतं. मग म्हणाला, चार आणले होते ना, मग चौथा कुठाय.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी चारही बसवले होते, तात्या. चावी सोम्याकडं असते."

एवढंच. पुढे अनेक वर्षं मी या दोन वाक्यांवर जगलो. चोर हा शब्द मी उच्चारला नव्हता. दुसरं वाक्य तर खरंच होतं. पण मला ठाऊक होतं की कातकऱ्याच्या बाबतीत पुढचं वाक्य कुणाला बोलावं लागत नाही. ते ऐकणाऱ्याकडे तयार असतं. कुणी पुरावा मागितला नाही. एक नवा प्लग विकून सोमाला काय मिळणार होतं, आणि असलं जोडकाम त्याला कुठून येणार होतं, हे कुणी विचारलं नाही. मिस्त्रीच्या भुवया आक्रसल्या होत्या, पण जीप आमची होती, त्याची नव्हती. बाजूला स्टँडवरचे तीन-चार ड्रायव्हर चहा पीत उभे होते. त्यांच्यासमोर तात्यांनी सोमाच्या कानाखाली मारली. सोमाने हात वर केला नाही, गाल धरला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, तुमी सांगा."

मी मिस्त्रीच्या पायाशी ठेवलेल्या काळ्या तेलाच्या परातीकडे बघत राहिलो. त्यात छपराचं प्रतिबिंब हलत होतं.

चहा पिणाऱ्या ड्रायव्हरांमुळे संध्याकाळपर्यंत ही गोष्ट शहापूरपासून मुरबाडपर्यंत प्रत्येक स्टँडवर पोचली. सोमा तीन-चार मालकांकडे गेल्याचं कळलं. कुणी गाडी दिली नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी बारकी आमच्या परसात आली आणि तुळशीपलीकडे उभी राहिली. मी माजघरात जेवत होतो, मागचं दार उघडं होतं. ती आईला म्हणाली की भट्टीवाल्याचा मुकादम येऊन गेलाय, उद्या ट्रक येईल. "पोराचं साळंत नाव हाय, बाय. तात्यांना येकडाव सांगून बघा," ती म्हणाली. "माजा माणूस तसा नाय." आई आत आली, माझ्या ताटाशेजारच्या टोपलीतून तीन भाकऱ्या उचलल्या, त्यावर सुकट घातली आणि नेऊन तिच्या ओंजळीत वरून टाकल्या. कणगी माझ्यापासून चार हातांवर होती. उठायला, हात घालायला आणि तो प्लग काढून बारकीच्या हातावर ठेवायला एखादं मिनिट लागलं असतं. मी आईला म्हणालो की आमटी वाढ.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रकचा भोंगा ऐकू आला. त्या दिवसापासून ओढ्यापलीकडे एकही धूर नव्हता.

जीप मी चालवायला लागलो. ताईचं लग्न त्याच घरात झालं. व्याह्यांना तात्यांनी सांगितलं होतं की ड्रायव्हर चोर निघाला, आणि त्यांना ते पटलं होतं. श्रावणात कणगीचा तळ लागला. आई भात काढत होती आणि सुपात ठणकन काहीतरी पडलं. तिने ते पदराने पुसलं आणि ओटीवर माझ्यासमोर धरलं. फडक्यावर चार मांडलेले तिने पाहिले होते, तिला ओळखू आलं.  ती ते हातात फिरवत उभी राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बापाला कळलं तर तो मेल्याहून मेला होईल. चारचौघांत हात उचललाय त्यानं." मी म्हणालो, मग काय करू. ती म्हणाली, गप बस. त्या संध्याकाळी तिने तो प्लग विहिरीत टाकला, आणि तात्या जाईपर्यंत, आणि त्यांच्यानंतर ती स्वतः जाईपर्यंत, आमच्यात हा विषय निघाला नाही. आईला मी दोष देत नाही. तिने नवऱ्याला वाचवलं. मी तिच्या आडोशाला उभा राहून स्वतःला वाचवलं, आणि गप बसायला मला आईने सांगितलंय असं मनाशी म्हणत राहिलो, तिच्या जाण्यानंतरही.

दहा वर्षं मी त्या रस्त्यावर जीप चालवली, मग वाशिंदला कारखान्यात लागलो, तिथूनच निवृत्त झालो. सोमा मला या काळात दोनदा दिसला. एकदा किन्हवलीच्या बाजारात, डोक्यावर मोळी. एकदा मुरबाडच्या स्टँडवर, झाडाखाली बसलेला. दोन्ही वेळा मी रस्ता बदलला. दुसऱ्या वेळी त्याने मला बघितलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर मी वाडीवर गेलो. का गेलो, याचं मोठं कारण नाही. बायको गेली, मुलं ठाण्याला, दिवस रिकामे असतात आणि तेच तेच पुढे येऊन बसतं. वाडीत आता काही पक्की घरकुलं आहेत. सोमा दाराशी खाटेवर बसला होता, डोळ्यांत मोतीबिंदू, पाय सुजलेले. बारकी दहा वर्षांपूर्वीच गेली. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, आवाजावरून कळलं, बसा. मी बसलो आणि सगळं सांगितलं. थंड इंजिन, पाईप, तार, कणगी, एकोणीस घरं घे म्हटलं ते. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "तार तुमच्या पंख्याची व्हती," तो म्हणाला. "मिस्त्रीनं वढली तवाच मी वळखली."

मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीस.

"माजं कोन आयकनार व्हतं? तुमी बोलायचं व्हतं." मग म्हणाला, "मना वाटलं, बापासमोर नाय बोलला, सांजच्याला येशीला. त्या सांजला मी भायेर बसलो व्हतो. दुसऱ्या सांजलापन. ट्रक आला त्या दिसी दुपारपावत वाट बघितली."

मी त्याचे पाय धरायला वाकलो तर त्याने पाय खाटेवर ओढून घेतले. म्हणाला, त्याचं काय करू मी. डोळ्यांच्या ऑपरेशनचं बघतो असं मी म्हणालो.  त्याऐवजी एक गोष्ट त्याने मागितली. किसनसमोर हे बोलायचं. ट्रक यायच्या आधीच शाळेत पोरं त्याला चोराचा पोर म्हणायला लागली होती, पुढे भट्टीवरही तेच नाव चिकटलं, आणि मोठा झाल्यावर एकदा दारू पिऊन किसनने बापाला तोंडावर विचारलं होतं की एवढ्याशा चीजेपायी माझी शाळा घालवलीस काय. सोमाने सांगितलं की मी घेतली नाय. किसनने विश्वास ठेवला नाही. तेव्हापासून बापलेक एका घरात राहतात आणि हे मधे आहे.

किसन वाशिंदला नव्या इमारतींवर सेंट्रिंगच्या कामाला जातो. मी पुढच्या रविवारी गेलो. तो उंबऱ्यावर बसला होता, हाताला सिमेंट, पन्नाशीला टेकलेला माणूस. शेजारचे चार जण सोमानेच बोलावून ठेवले होते. मी उभा राहून बोललो. आयुष्यात एवढ्या माणसांसमोर मी दुसऱ्यांदाच बोलत होतो, पहिल्यांदा मिस्त्रीच्या गॅरेजात बोललो होतो. किसनने एकदाही मान वर केली नाही. संपलं तेव्हा तो बापाकडे गेला नाही, त्याच्या गळ्यात पडला नाही, मी तशी आशा करत होतो हे कबूल करतो. तो मला म्हणाला,

"तोंडानं तर तवापन बोललेलं तुमी. लिवून द्या."

मी म्हणालो, देतो. तुला वाचता...

"मना नाय येत. दुसऱ्या यत्तेतबी नाय गेलो मी. माजी पोरगी वाचील. बापाला आन मला, दोघांना वाचून दाखवील."

म्हणून हे प्रकरण आधी लिहिलं, बाकीची आठवणींची वही नंतर. याची एक प्रत त्या मुलीकडे जाईल. तिच्यासाठी शेवटचं वेगळं, सोपं करून लिहितो, म्हणजे तिला मोठ्याने वाचताना अडखळायला होणार नाही. पोरी, जीपचा चौथा हीटर प्लग मी मोडला. नवा प्लग मी लपवला. बाकीचे तीन जळाले ते मी सांगितल्याप्रमाणे तुझा आजा वागला म्हणून. तुझ्या आज्याने आमच्या घरातलं काहीही घेतलेलं नाही. आमच्या घराने त्याचं घेतलं.